घटनेशी संबंधित सर्व काही

वकीलबाईंकडे जायचं तर नीट तयारी करून जायचं, असं नरहरराव आठल्ये यांनी ठरवलं. ठरवलं त्यात वाईट काही नव्हतं. परीक्षेला जाताना आपण दही खाऊन जातो, दाताच्या डॉक्टरकडे जाताना दात घासून जातो. मग जन्मात पहिल्यांदा वकिलाची पायरी चढताना माणसानं थोडी तयारी केली तर बिघडलं कुठे? बिघडलं ते एवढंच, की 'थोडी' हा शब्द नरहररावांना कधी जमलाच नाही. (विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते कारकून होते. एकदा एका संशोधकानं 'वाळवीवर काही मिळेल का' असं विचारलं, तेव्हा त्यांनी पुस्तकांबरोबर काड्यापेटीतून प्रत्यक्ष वाळवीही आणून दिली होती.)

वकिलाची गरज पडली ती त्यांच्या उजव्या मनगटामुळे. मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि प्लास्टर गळ्यातल्या झोळीत. ते तिथं कसं पोचलं, हे सांगायचं तर आधी सुरेखाबाईंच्या स्कूटरबद्दल सांगायला हवं.

आठल्ये मंडळी काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडण रंगात आलं की दोन्ही, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. नरहररावांच्या पत्नी सुरेखाबाई लहुराबीरकडच्या एका शाळेत मुलांना गाणं शिकवतात. गेल्या वर्षी, बाकीच्या बायका गुडघ्यांना तेल चोळायला लागतात त्या वयात, त्यांनी स्कूटर शिकून घेतली. पहिले काही दिवस अख्खी गल्ली बघायला उभी राहायची. मग गल्लीला कंटाळा आला आणि सुरेखाबाईंना वेग आला. सांड, ठेला, अंत्ययात्रा, परदेशी पाहुणे, सगळ्यांच्या मधून त्या अशी गाडी काढायच्या की दूधवालेसुद्धा सायकल थांबवून बघत. सकाळी शाळेत जाता जाता त्या नरहररावांना ग्रंथालयात सोडत. नरहरराव मागे बसत, दोन्ही हातांनी सीटची कड धरत आणि मारुतीचा जप करत.

तर त्या सकाळी मैदागिनच्या पुढे, भाजीबाजाराच्या तोंडाशी, समोरून चुकीच्या बाजूनं एक टोटो सुसाट आला. काशीत ई-रिक्शाला सगळे टोटोच म्हणतात. सुरेखाबाईंनी दोन्ही ब्रेक दाबले. त्यानंतरचं नरहररावांना आठवतं ते थेट कोबीचं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते रस्त्याच्या कडेला कोबीच्या ढिगात होते, ढिगाखाली दगडी पायरी होती, आणि पायरीवर त्यांचं मनगट. टोटो तोवर पसार झाला होता. भाजीवाला ओरडत होता, "बाबूजी, पूरा माल दबा दिए!" आणि सुरेखाबाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं धावत येत होत्या.

झालं. स्कूटरला धडक बसली, नरहरराव फेकले गेले, हे त्याच दिवशी गल्लीनं ठरवून टाकलं. समाचाराला येणारा प्रत्येक जण आधी प्लास्टरकडे बघे, मग स्वयंपाकघराच्या दिशेनं बघे आणि आवाज खाली घेऊन म्हणे, "बायकांच्या हातात गाडी म्हणजे..." पुढचं वाक्य कुणी पुरं करत नसे. ते सुरेखाबाईंना बरोब्बर ऐकू जाई.

त्यांनी स्कूटरवर जुनी चादर घातली. किल्ली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. पुन्हा टोटोत चार माणसांत पाचवं होऊन त्या शाळेत जाऊ लागल्या. आणि घरी आल्यावर नवऱ्याशी गोड वागू लागल्या! नरहररावांना सुरुवातीला हे फार आवडलं. भाजीत मीठ कमी म्हटलं तर "हो, माझंच चुकलं." पंखा जोरात आहे म्हटलं तर "करते कमी." चार दिवसांनी मात्र ते घाबरले. त्यांनी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. सुरेखाबाईंनी तो न बोलता उचलला आणि वाळत घातला. त्या दुपारी नरहरराव बराच वेळ छताकडे बघत पडून राहिले. इतकी मोठी दुर्घटना आपल्या घरात घडली आहे याची त्यांना तेव्हा पहिल्यांदा कल्पना आली.

अशा वेळी त्यांचे चुलतभाऊ देवव्रत अवतरले. देवव्रत एकदा एका खटल्यात साक्षीदार होते, तेव्हापासून आठल्ये कुळात कायद्यावरचा शेवटचा शब्द त्यांचा. (ज्या बाजूनं त्यांनी साक्ष दिली ती बाजू हरली, पण त्यात त्यांचा दोष नव्हता, असं ते सांगत.)

"दादा, तू स्वस्थ बसलास काय असा? भरपाईचा दावा लावायचा! टोटोचा नंबर भाजीवाल्यानं पाहिलाय. आणि वकील लतिका उपाध्याय. दुसरं नाव घ्यायचंच नाही."

"कोण या?"

देवव्रतांनी दार नीट बंद आहे ना ते पाहिलं. "अपघाताच्या केसेस लढवतात. इन्शुरन्स कंपनीचे वकील त्यांना लांबून येताना पाहिलं की जिना बदलतात. एकदा कोर्टात त्यांनी साक्षीदाराला फक्त किती वाजले एवढं विचारलं. तो रडत म्हणाला, 'साहेब, ट्रक मीच चालवत होतो!'"

"बाप रे."

"खोटं त्यांना वासानं कळतं, दादा. तिथं शिंक आली तरी खरी यायला हवी."

नरहररावांनी डावा हात नकळत कपाळाशी नेला. फोन करायला ते उभे राहिले, बटणं नीट लावली, आणि पलीकडे वकीलबाईंचा केवळ ज्युनिअर होता तरी संभाषणभर वाकून बोलले. ज्युनिअर म्हणाला, "सोमवारी आइए. और घटना से संबंधित जो कुछ भी हो, सब लेते आइएगा."

आता कुणाही माणसाला कळलं असतं की म्हणजे कागदपत्रं. सुरेखाबाईंनाही कळलं. "अहो, एक्सरे, दवाखान्याचे कागद, गाडीचे पेपर, माझं लायसन्स, एवढंच असेल हो."

"'सब' म्हणाला तो," नरहरराव म्हणाले. "'जो कुछ भी हो, सब.' उद्या त्या माउलीनं एखादी वस्तू मागितली आणि ती घरी राहिली तर?"

तयारी सुरू झाली. त्या दिवशीचा सदरा निघाला. तो धुतला गेला होता म्हणून नरहररावांनी कोबीच्या पानानं त्याला पुन्हा जिथल्या तिथं हिरवे डाग पाडले, मग देवव्रतांनी 'याला पुराव्यात ढवळाढवळ म्हणतात' असं सांगितल्यावर घाबरून सदरा परत धुतला. चप्पल निघाली. एक कोबीचा गड्डा आला. (मूळ गड्डा भाजीवाल्यानं रागानं त्यांच्या गळ्यात मारला होता, पण त्याची त्याच संध्याकाळी भाजी झाली होती. हा त्याच अंगाचा होता.) आणि मग नरहररावांच्या लक्षात आलं, की घटनेशी सगळ्यात जास्त संबंधित जी वस्तू, ती तर चादरीखाली उभी आहे.

"स्कूटर न्यायला हवी."

"मी चालवणार नाही," सुरेखाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"अगं, पण मला एकच हात—"

"मी हात लावणार नाही तिला. तुम्हाला आणखी काही व्हायला नको."

पुढच्या दोन संध्याकाळी तालीम झाली. देवव्रत काळी शाल पांघरून वकील झाले आणि नरहररावांना समोर स्टुलावर बसवलं. पहिल्या वेळी नरहररावांना स्वतःचं नावच आठवेना. दुसऱ्या वेळी नाव आलं पण बापाचं. मग हळूहळू जीभ सुटली, आणि सुटली ती अशी, की प्रत्येक तालमीला टोटो थोडा मोठा होत गेला. आधी तो वेगात आला. मग तो बेफाम आला. शेवटच्या तालमीत तर तो दिवे चमकवत, दरीतून उसळल्यासारखा आला, स्कूटर दोन वेळा गरगर फिरली आणि नरहरराव आकाशमार्गे गेले.

"वहिनींनी ब्रेक लावला होता का?" शालीतल्या वकिलानं विचारलं.

"लावला असेल. पण उशीर झाला होता!" नरहरराव रंगात येऊन म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात एक वाटी पडल्याचा आवाज आला. नरहररावांनी तिकडे पाहिलं. सुरेखाबाई वाकून वाटी उचलत होत्या आणि ती उचलायला त्यांना जरा जास्तच वेळ लागत होता. त्या रात्री नरहररावांना जेवण गेलं नाही. आपण काहीतरी बोलून बसलो आहोत असं त्यांना वाटत होतं, पण काय, ते नीटसं कळत नव्हतं. जे झालं तेच तर सांगत होतो आपण. निदान सगळे जे झालं म्हणतात ते.

सोमवारी सकाळी स्कूटर निघाली ती सायकल-ट्रॉलीवर. तिला दोरखंडानं चारी बाजूंनी बांधलं. एका अंगाला नरहरराव, मांडीवर एक्सरे आणि कोबी. दुसऱ्या अंगाला सुरेखाबाई, पदर घट्ट लपेटून, कुणाशी नजर न मिळवता. मागून देवव्रत सायकलवर. चादर तशीच राहिली होती. ती होती लाल आणि वाऱ्यानं फडफडत होती. चौकात लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले. एका म्हातारीनं पुढं होऊन स्कूटरच्या चाकाशी दोन झेंडू ठेवले आणि ट्रॉलीवाल्याला विचारलं, "कौन देवता हैं भइया?"

"केस वाले," ट्रॉलीवाला म्हणाला आणि पायडल मारत राहिला.

लतिका उपाध्याय यांचं ऑफिस कोर्टापासून दोन-अडीच मैलांवर, त्यांच्या घराच्याच खालच्या मजल्यावर होतं. बाहेर फरशीचं अंगण. नरहररावांनी मनात वाघीण धरली होती. आतून आल्या त्या एक ठेंगण्या, सुती साडीतल्या बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात लाह्या-चण्याची वाटी. बोलल्या इतक्या हळू, की ऐकायला खोलीतला पंखा बंद करावा लागला. पण त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं मात्र, नरहररावांनी कोबी छातीशी धरून मान खाली घातली. लहानपणी काळभैरवाच्या गाभाऱ्यात ते नारळ धरून असेच उभे राहायचे.

(पुढचं सगळं बोलणं हिंदीत झालं, पण आपण ते मराठीत ऐकू.)

नरहररावांनी पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हटलं. टोटो दरीतून उसळला, स्कूटर गरगर फिरली, आकाशमार्ग आला. लतिकाजी चणे खात ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "गाडी आणलीये म्हणालात?"

सगळे अंगणात आले. स्कूटर ट्रॉलीवरून उतरवून स्टँडवर लावली होती. लतिकाजींनी चादर काढली, झेंडू उचलून हळूच बाजूला ठेवले आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"धडक कुठं बसली?"

नरहरराव पुढे झाले. त्यांनी पुढचं चाक पाहिलं, दिवा पाहिला, मडगार्ड पाहिलं. मग मागून पाहिलं. मग खाली वाकून पाहिलं. गाडी नव्या नवरीसारखी होती.

"हे बघा!" देवव्रत ओरडले. "इथं ओरखडा आहे!"

"तो आमच्याच दाराचा आहे," सुरेखाबाई खालच्या मानेनं म्हणाल्या. "शिकत होते तेव्हाचा."

लतिकाजींनी आता पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "चालवत तुम्ही होतात?"

"हो. माझीच चूक झाली."

"चूक नंतर बघू. गाडी पडली?"

"नाही."

"तुम्ही पडलात?"

"नाही. पाय टेकले दोन्ही."

"आणि टोटो? किती लांब थांबला तुमच्यापासून?"

सुरेखाबाईंनी हाताची वीत करून दाखवली.

"म्हणजे लागला नाही."

"लागला नाही. पण मी मागे वळून पाहिलं तर हे नव्हते."

"कुठं होते?"

"कोबीत."

ट्रॉलीवाल्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"कोबी पुढे होता का बाजूला?"

"बाजूला. चांगला पाच-सहा हात."

लतिकाजींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "ब्रेक लागला की मागचा माणूस पुढे येतो. तुमच्या पाठीवर आदळायला हवा. हे बाजूला कसे गेले?"

"त्या दिवशी वारा होता," देवव्रत म्हणाले. लतिकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि देवव्रत दोन पावलं मागे सरून कुंडीचं निरीक्षण करू लागले.

"बसा," लतिकाजी म्हणाल्या. "दोघंही. जसे रोज बसता तसे."

सुरेखाबाई नाही नाही म्हणत होत्या, पण त्या हळू आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. त्या पुढे बसल्या. हँडलवर त्यांनी हात ठेवले, आधी बोटांची टोकं, मग सगळा पंजा. नरहरराव मागे बसले आणि डाव्या हातानं सीटची कड धरली.

"डोळे?" लतिकाजींनी विचारलं.

"काय डोळे?"

"तुम्ही मिटलेत."

"हो, ते मी मिटतोच. जप करतो ना."

सुरेखाबाई गर्रकन मागे वळल्या. "मिटता? रोज?"

"पहिल्या दिवसापासून," नरहरराव डोळे न उघडता म्हणाले.

"म्हणजे वर्षभर मी तुम्हाला 'बघा कशी काढली गाडी' म्हणते, 'बघितलंत ना' विचारते, आणि तुम्ही 'वा वा' म्हणता, ते—"

"वा वा मनापासून म्हणत होतो. सुखरूप थांबल्याबद्दल."

लतिकाजींनी हात वर करून दोघांना थांबवलं. "सुरेखाजी, पुढे बघा. टोटो दिसला तेव्हा तुम्ही काही बोललात?"

"ओरडले होते."

"काय?"

"असंच आपलं..." सुरेखाबाईंनी आठवायला डोळे बारीक केले. समोर तो रस्ता आला, ती गर्दी आली, आणि त्यांच्या तोंडून तेव्हासारखंच निघून गेलं. "अहो! टोटो!"

पुढं जे झालं ते अंगणातल्या प्रत्येकानं पाहिलं, नरहररावांनी सोडून. स्कूटर स्टँडवर ढिम्म उभी होती. टोटो नव्हता. ब्रेक नव्हता. वारा तर मुळीच नव्हता. आणि नरहरराव सीटवरून अशा काही त्वेषानं उडाले, की डाव्या अंगाला उभ्या असलेल्या देवव्रतांना आणि त्यांच्या मागच्या कुंडीला सोबत घेऊनच थांबले. एक चप्पल स्कूटरच्या पायटेकावर तशीच राहिली.

त्यांनी डोळे उघडले. समोर देवव्रतांचा चेहरा होता आणि त्यावर माती होती.

"मी..." नरहरराव म्हणाले. पुढचा शब्द यायला वेळ लागला, कारण तो आतून, पायांतून वर येत होता. पायांना सगळं आठवत होतं. "मी उडी मारली."

नरहरराव देवव्रतांवर तसेच बसून त्या ठेंगण्या बाईंकडे टकामका बघत राहिले. या बाईंनी आपला एक शब्दही खोटा ठरवला नाही, दम दिला नाही, हात लावला नाही. नुसतं बसवलं, आणि आपलंच सत्य आपल्यातून उडी मारून बाहेर आलं! त्यांना वाटलं उठून पाया पडावं. पण उठायला एकच हात होता.

"उडी मारलीत?" हा आवाज सुरेखाबाईंचा होता आणि तो चढायला लागला होता. "पंधरा दिवस! पंधरा दिवस मी देवापुढे रडतेय की माझ्या हातून नवऱ्याचा हात मोडला! शेजारणी येऊन टोमणे मारून गेल्या! ओला टॉवेल पलंगावर टाकलात तरी बोलले नाही मी! आणि तुम्ही उडी मारलीत?"

"माझ्या लक्षात नाही आलं गं, डोळे मिटलेले—"

"मिटायचे कशाला पण? मिटायचे कशाला!" आणि मग मराठी संपून हिंदी सुरू झाली, हिंदीतून त्या परत मराठीत आल्या, त्यात मनगट आलं, कोबी आला, नरहररावांच्या आईनं लग्नात दिलेली फिकट साडीसुद्धा आली. नरहरराव ऐकत होते. अंगावर पाऊस घ्यावा तसे ऐकत होते. घरातलं कायसं गेलेलं परत आलं होतं, इतकं की त्यांना मध्येच हसू फुटलं आणि त्याबद्दल पुन्हा वेगळं ऐकून घ्यावं लागलं.

भांडण ओसरल्यावर लतिकाजी म्हणाल्या, "दावा लावता येईल. टोटो चुकीच्या बाजूनं आला, त्याला घाबरून माणूस उडाला, असं मांडता येईल. पण समोरचा वकील हुशार असेल तर तो तुमच्या उडीबद्दल बोलणारच नाही. तो म्हणेल, बाईंना गाडी चालवता येत नाही. दोन-तीन वर्षं तो तेवढंच सिद्ध करत बसेल. सुरेखाजींना रोज उभं राहून ते ऐकावं लागेल. बघा, काय करायचं."

देवव्रत काही सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात नरहरराव उठले. एका पायात चप्पल, झोळीला चिकटलेली माती, पण ते सरळ उभे राहिले. "नको," ते म्हणाले. "हिची काही चूक नव्हती. एक वीत अंतरावर गाडी थांबवली हिनं. ते कोर्टात कुणी खोडून काढायचं नाही. मनगट काय, जुळेल."

सुरेखाबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि आरशाची काच पदरानं पुसायला घेतली. काच स्वच्छच होती.

"बावीस वर्षं अपघात बघतेय मी," लतिकाजी त्यांना म्हणाल्या. "न झालेला अपघात आज पहिल्यांदा पाहिला. त्या बाजारात, त्या गर्दीत, मागचा माणूस ऐनवेळी उडी मारून तोल घालवतोय, आणि तुम्ही गाडी पडू दिली नाहीत?" आणि ज्यांना पाहून मोठमोठे वकील जिना बदलतात, त्या बाईंनी लाह्यांची वाटी खाली ठेवून सुरेखाबाईंना हात जोडले.

तेवढ्यात ज्युनिअर धावत आला. पुढच्या चौकात कुणा मंत्र्याचा ताफा अडकलाय, दीदींची मोटार गल्लीच्या तोंडाशीच अडून पडलीये, आणि कोर्टात दीदींच्या केसचा पुकारा आता होईलच. लतिकाजींनी फायली छातीशी धरल्या. रस्त्याकडे पाहिलं, मग स्कूटरकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच किंचित चाचरत विचारलं, "सुरेखाजी... मला सोडाल?"

सुरेखाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "किल्ली?"

किल्ली नरहररावांच्या खिशात होती. (तीही संबंधित वस्तूच.) त्यांनी ती डाव्या हातानं पुढे केली. "जा," ते म्हणाले. "मी बघतो."

आणि त्यांनी खरंच पाहिलं. फाटकात उभं राहून, डोळे टक्क उघडे ठेवून, वर्षभरात पहिल्यांदा. मंत्र्याच्या ताफ्यामागे सगळं बनारस तुंबलं होतं. रिक्शा, ट्रक, पाण्याची जारवाली गाडी, मधोमध रवंथ करणारा एक सांड. त्या भिंतीला चीर कुठंच नव्हती. सुरेखाबाईंनी एकदा हॉर्न दिला, एक पाय टेकवला, हँडल इतकंसं वळवलं, आणि भिंतीनं त्यांना आत घेतलं. मग सांडाच्या शेपटीपाशी त्या दिसल्या. ट्रकच्या चाकाशेजारी दिसल्या. फायली धरलेल्या लतिकाजींसकट पार पलीकडे, उतारावर, पदर उडवत दिसल्या. नरहररावांच्या अंगावर काटा आला. हे रोज होत होतं? आपण रोज याच्या मागेच बसलो होतो? बाजूला उभ्या असलेल्या ट्रॉलीवाल्याला ते म्हणाले, "पत्नी आहे माझी." ट्रॉलीवाल्यानं पान थुंकून नमस्कार केला.

तासाभरानं सुरेखाबाई परतल्या. गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते. देवव्रत कधीच सायकलसकट ट्रॉलीत बसून निघून गेले होते, कंबर धरून.

"बसा. आणि डोळे उघडे."

"उघडे," नरहरराव म्हणाले. त्यांना आता डोळे मिटायचेच नव्हते. ते बसले. सगळं बघत चालले. पहिल्या चौकात एक सायकलवाला आडवा आला. सुरेखाबाईंनी गाडी थांबवली आणि मागे न बघताच विचारलं, "आहात?"

"आहे."

चौकाघाटाशी बस वळत होती. ब्रेक. "आहात?"

"आहे! काय सुंदर थांबवलीस गं!"

मैदागिनपाशी म्हैस आडवी आली, तिथंही ते होते. इतके होते, की सुरेखाबाईंना मागून येणाऱ्या 'वा वा'चा कंटाळा आला. मग त्या बाजाराच्या तोंडाशी आल्या. कोबीचे ढिगारे तसेच होते, गर्दी तशीच होती, आणि उजवीकडच्या गल्लीतून एक टोटो वेडावाकडा बाहेर पडला. सुरेखाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, एक शब्दही तोंडातून निघू दिला नाही, आणि दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबली. टोटो हळूच निघून गेला. त्यांनी सुस्कारा सोडला.

"आहात ना?"

"आहे," नरहरराव म्हणाले.

फक्त आवाज जरा लांबून आला.